ऐंशीकडे झुकलेल्यांचं बीपी १२० वर आणायचा हट्ट कशाला?

नौपाडाकर :
आमचे अण्णा ७८ वर्षांचे. साखर, प्रोस्टेट, गुडघे, सगळंच आहे. बीपी १४६ दिसलं की एक गोळी वाढते. त्यातल्या अ‍ॅम्लोडिपिनने पाय सुजले, म्हणून लघवी जास्त करवणारी गोळी आली. आता रात्रभर उठबस, आणि परवा बाथरूमच्या दारात तोल गेला. या वयात १४५ असलं तर असू द्या, असं माझं स्पष्ट मत.

घोडबंदरची :
अजिबात पटलं नाही. 'असू द्या' म्हणता म्हणता आत्याला अर्धांगवायू झाला, आता तिचं सगळं अंथरुणातच. २०१५ च्या स्प्रिंट या बीपीवरच्या मोठ्या अभ्यासात वरचं बीपी १२० च्या खाली आणायचं ठरवलेल्यांत मृत्यू कमी झाले, पंचाहत्तरीपुढच्यांतही.

नौपाडाकर :
त्यात मधुमेही घेतलेच नव्हते! आणि १२० वाल्या गटात शुद्ध हरपणं, किडनीला इजा हे जास्त होतं. शिवाय तिथे पाच मिनिटं शांत बसवून बीपी मोजायचे. आमच्याकडे जिना चढून धापा टाकत आलेल्याला लगेच पट्टा बांधतात.

घोडबंदरची :
मधुमेहींवरचा अ‍ॅकॉर्ड हा अभ्यास २०१० चा. एकूण फायदा ठळक दिसला नाही, पण अर्धांगवायू कमी झाले. ते का गाळता?

वाशीचा केमिस्ट :
दोघंही आकड्यावर भांडताय, गोळ्यांची पिशवी कोणी उघडली का? अ‍ॅम्लोडिपिनची सूज लघवीच्या गोळीने फारशी उतरत नाही. डोस कमी केला किंवा जोडीला टेल्मिसार्टन ही बीपीचीच दुसरी गोळी दिली तर उतरते. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन चालू असेल तर तीही उभं राहताना बीपी पाडते. अण्णांचं बीपी बसून आणि मग उभं करून, एक व तीन मिनिटांनी मोजा. वरचं २० ने पडलं तर डॉक्टरांना सांगाच. गुडघ्यांना काय घेतात?

नौपाडाकर :
कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून डायक्लोफेनॅक, दुखणं थांबवायची गोळी. चिठ्ठीबिठ्ठी काही नाही.

वाशीचा केमिस्ट :
मग १४६ चं नवल काय! ती बीपी चढवते. उद्या टेल्मिसार्टन सुरू झालं तर ते, लघवीची गोळी आणि वर ही, म्हणजे किडनीवर तिहेरी मार. (आमच्या धंद्यातलेच लोक मागेल त्याला देतात, काय बोलणार.) आणि 'लो सोडियम' मीठ आणत असाल तर त्यात पोटॅशियम असतं, टेल्मिसार्टनवर असताना विचारल्याशिवाय नको.

घोडबंदरची :
म्हणजे वेदनाशामक काढली तर गोळी न वाढवता १३० होईलही. मग १४५ कशाला धरून बसायचं?

नौपाडाकर :
१३० ला माझी ना नाही. पिशवी घेऊन सोमवारी डॉक्टरांकडे जातो. १२० वर मात्र वाद चालू राहील.