प्रिंटरसोबतचं कंपनीचं सॉफ्टवेअर टाकता का? मी तरी कानाला खडा लावला

शाई_संपली:
मागच्या रविवारी घरी इंकटँक प्रिंटर आणला. विंडोज ११ ला केबल जोडली, दोन मिनिटांत टेस्ट पेज बाहेर. तिथंच गप बसायचं ना, पण नाही, कंपनीच्या साइटवरून 'फुल पॅकेज' उतरवलं आणि आता लॅपटॉप चालू केला की कोपऱ्यात शाई घ्या, अकाउंट काढा, आणि स्कॅन करायला गेलो तर लॉगिन मागतंय. माझ्याच घरातला लाइटबिलाचा कागद स्कॅन करायला लॉगिन! सिस्टीममध्ये आहे तेवढंच वापरा, बाकी सगळा कचरा.

झेरॉक्स_कॉर्नर:
महिन्याला चार पानं काढणाऱ्याने बोलायला सोपंय. माझं दुकान आहे, जूनमध्ये ॲडमिशनची गर्दी असते तेव्हा आधारच्या दोन्ही बाजू एका पानावर हव्या असतात, कंपनीच्या सॉफ्टवेअरला एक क्लिक. विंडोजच्या साध्या ड्रायव्हरवर (म्हणजे कॉम्प्युटरला प्रिंटरशी बोलायला लावणारा छोटा प्रोग्राम) फोटो पेपर निवडायलाच मिळेना, पासपोर्ट फोटो फिके आले, गिऱ्हाईक ओरडलं. आणि जुना स्वस्तातला लेझर आहे त्याला तर स्वतःचं डोकंच नाही, अख्खं पान कॉम्प्युटर तयार करतो, तो नुसता टोनर लावतो. ड्रायव्हर काढला की ठोकळा.

पेंग्विनप्रेमी:
म्हणजे कंपनीने ड्रायव्हर बंद केला की तुमचा लेझर भंगारात, हेच तर दुखणं आहे. माझा स्कॅनर विंडोज ७ च्या काळातला, पुढचा ड्रायव्हर कंपनीने काढलाच नाही. काच, दिवा, मोटर सगळं ठणठणीत. लिनक्सवर (विंडोजऐवजी टाकता येणारी फुकट सिस्टीम) सेन नावाचं स्कॅनर चालवणारं सॉफ्टवेअर आहे, स्कॅनर लावला की चालतो.

झेरॉक्स_कॉर्नर:
तुमचं मॉडेल सेनच्या यादीत निघालं हे नशीब. नसतं तर?

सर्व्हररूम:
@शाई_संपली, एक गंमत सांगू? केबल लावल्यावर 'आपोआप' चाललं ते बहुतेक विंडोज अपडेटने कंपनीचाच ड्रायव्हर गुपचूप आणला म्हणून. तुम्ही ज्याला सिस्टीमचं म्हणताय ते त्यांचंच असेल, फक्त जाहिरातींशिवाय. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये सांगितलंय की कंपन्यांचे प्रिंटर ड्रायव्हर विंडोज अपडेटवरून देणं टप्प्याटप्प्याने थांबवणार, पुढे भर मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या आयपीपी ड्रायव्हरवर, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या प्रिंटरला चालणारा एकच ड्रायव्हर. २०२१ चं प्रिंटनाइटमेअर, विंडोजच्या सुरक्षेतलं भोक, आठवत असेल, प्रिंटर ड्रायव्हर टाकायच्या वाटेनंच अख्ख्या मशीनचा ताबा मिळत होता. आयफोनवर २०१० पासून एअरप्रिंट आहे, ड्रायव्हर न टाकता वायफायवरून प्रिंट, तिथं कोण सीडी शोधत बसतं? मी ऑफिसात नुसता ड्रायव्हर ठेवतो, बाकीचं पॅकेज टाकूच देत नाही.

झेरॉक्स_कॉर्नर:
आणि पांढऱ्या रेघा आल्या की नोझल चेक, हेड क्लीनिंग (शाई सोडणारी बारीक छिद्रं तपासणं, साफ करणं) कुठून करता?

सर्व्हररूम:
बऱ्याच मॉडेलला प्रिंटरच्याच बटणांवरून होतं. वायफायवाला असेल तर ब्राउझरमध्ये त्याचा आयपी (नेटवर्कवरचा आकड्यांचा पत्ता) टाका, काहींचं पान उघडतं त्यात सगळं असतं.

शाई_संपली:
काढलं सगळं. विंडोजच्या स्कॅन ॲपमधून लाइटबिल स्कॅन झालं, लॉगिन नाही काही नाही. शाई किती उरली ते दिसत नाही म्हणाल, तर टाकी पारदर्शक आहे, वाकून बघतो.

झेरॉक्स_कॉर्नर:
आता दोन महिने एकही पान काढू नका आणि मग शाई सुकून हेड चोक झालं की या दुकानात, चहा पाजतो