वायफाय ॲक्सेस पॉइंटमधील रेडिओ स्कॅनचे निकाल स्क्रिप्टद्वारे घेताना यादी कधी रिकामी, कधी अर्धवट येते

राजारामपुरी_अभ्यासिका:
नमस्कार. कोल्हापुरात राजारामपुरीत आमची स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका आहे. तीन मजल्यांवर मिळून ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची लिनक्सवर आधारित मुक्त प्रणाली) बसवलेले सहा वायफाय ॲक्सेस पॉइंट आहेत. भोवतालच्या प्रत्येक घरात आणि दुकानात स्वतंत्र राउटर असल्यामुळे 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात कायम दाटी असते. कोणत्या मजल्यावर कोणते चॅनेल मोकळे आहे हे कळावे म्हणून मी पायथॉनमध्ये एक स्क्रिप्ट लिहिली आहे. ती दर पाच मिनिटांनी प्रत्येक ॲक्सेस पॉइंटमध्ये एसएसएचने (दुरून आज्ञा देण्याच्या सुरक्षित जोडणीने) शिरते, वायफाय रेडिओ हाताळणाऱ्या ‘आयडब्ल्यू’ या साधनाला आधी ‘स्कॅन ट्रिगर’ आणि लगेच ‘स्कॅन डंप’ अशा दोन आज्ञा देते आणि आलेल्या मजकुरातून नाव, चॅनेल व डीबीएम या एककातील सिग्नलची ताकद वेचून तक्त्यात भरते. ॲक्सेस पॉइंट चालू असतानाही स्कॅन करू देणारा ‘एपी-फोर्स’ हा पर्याय जोडल्याशिवाय -95, म्हणजे ‘ही क्रिया चालत नाही’ ही त्रुटी येत असे, म्हणून तो जोडला आहे.

अडचण अशी की एकाच ॲक्सेस पॉइंटवर एकदा चाळीसच्या आसपास नेटवर्क दिसतात, पुढच्या वेळी नऊ, तर कधी एकही नाही. वरच्या मजल्यावरील 5 गिगाहर्ट्झचा रेडिओ, जो चॅनेल 52 वर आहे, जवळजवळ प्रत्येक वेळी -16, म्हणजे ‘साधन व्यग्र आहे’ असे उत्तर देतो. शिवाय रात्री मुले ऑनलाइन सराव परीक्षा देत असताना मध्येच जोडणी अडखळल्याच्या तक्रारी येऊ लागल्या आहेत, आणि ही स्क्रिप्ट सुरू होण्यापूर्वी तशी तक्रार नव्हती. चूक माझ्या आज्ञांमध्ये आहे की ड्रायव्हरमध्ये?

विद्यानगर_नेटवर्क:
ड्रायव्हरला दोष देण्याआधी आज्ञांचा क्रम पाहावा. ‘ट्रिगर’ केवळ स्कॅन सुरू करण्याची विनंती कर्नलला (प्रणालीच्या गाभ्याला) देते आणि ताबडतोब परत येते, तर ‘डंप’ कर्नलजवळ त्या क्षणी साठलेली यादी वाचून दाखवते आणि स्वतः काहीही ऐकत नाही. या यादीतील नोंद साधारण 30 सेकंदांत शिळी ठरून गळते. आपल्या दोन फेऱ्यांमध्ये पाच मिनिटे जात असल्यामुळे मागची यादी तोवर जवळजवळ पुसलेली असते, आणि नव्या स्कॅनमध्ये त्या घटकेपर्यंत जितके बीकन (राउटर स्वतःची ओळख देण्यासाठी ठरावीक काळाने सोडतो ते संदेश) ऐकू आले तितकेच आपल्या हाती लागतात. चाळीस, नऊ आणि शून्य हे तिन्ही आकडे बहुधा एकाच हवेचे आहेत. फक्त वाचण्याची घटका वेगळी आहे.

उपाय म्हणजे स्कॅन संपल्याची घटना येईपर्यंत थांबणे. ‘ट्रिगर’ शब्द न लावता नुसती ‘स्कॅन’ आज्ञा दिली, तर साधन ही वाट स्वतःच पाहते. एनएल80211 शी (कर्नलशी वायफायबाबत बोलण्याच्या मार्गाशी) थेट बोलायचे असेल तर घटनांसाठीची नोंदणी ट्रिगरच्या आधी करावी, नाहीतर छोटा स्कॅन नोंदणी होण्यापूर्वीच संपतो आणि आपला कार्यक्रम न येणाऱ्या घटनेची वाट पाहत बसतो. स्कॅन मध्येच रद्द झाल्याची घटनाही वेगळी येते, तीही पकडावी.

आता -16 विषयी. व्यवस्थापनाच्या पानावर कोणी त्याच वेळी स्कॅनचे बटण दाबले किंवा आपलीच मागची फेरी अजून चालू असली, तरी ही त्रुटी येते. परंतु चॅनेल 52 चे कारण निराळे आहे. तेथे ॲक्सेस पॉइंटने सतत रडारकडे कान लावून ठेवायचे असतात आणि स्कॅनसाठी चॅनेल सोडले तर ते कान बंद होतात, म्हणून कर्नल परवानगीच नाकारतो. हा बिघाड नव्हे. त्या रेडिओला चॅनेल 36 वर, जेथे ही रडारची अट नाही, आणले तर स्कॅन चालेल.

मला मात्र सर्वांत जास्त काळजी आपल्या तक्त्याची वाटते. त्रुटी आली तेव्हा आपण शून्य लिहीत असाल, तर ‘ऐकता आले नाही’ आणि ‘ऐकले, पण कोणी नव्हते’ या दोन अगदी भिन्न गोष्टी एका आकड्यात मिसळतात आणि सर्वांत गजबजलेले चॅनेल मोकळे दिसू शकते. कृपया निकालासोबत स्कॅन पूर्ण झाला, रद्द झाला की नाकारला गेला, हे वेगळ्या रकान्यात नोंदवावे.

उद्यमनगर_पॅटर्नशॉप:
वरील उत्तराशी मी सहमत आहे. एक भर घालतो. ‘आयडब्ल्यू’च्या मदत-मजकुरातच स्पष्ट लिहिले आहे की या साधनाचा छापील मजकूर वेचून वापरू नये, कारण त्याचे स्वरूप स्थिर ठेवण्याची हमी नाही. आमच्या कारखान्यात मी तेच केले होते आणि एका अद्ययावतीकरणानंतर सिग्नलचा रकाना गुपचूप रिकामा येऊ लागला. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये ‘यूबस’ या अंतर्गत संदेशमार्गामार्फत ‘आयडब्ल्यूइन्फो’ या वायफाय-माहितीच्या सेवेला स्कॅन मागितला, तर तोच निकाल जेसॉनमध्ये (प्रोग्रामला वाचता येईल अशा ठरावीक मांडणीत) मिळतो आणि तो वाचणे कितीतरी सुरक्षित आहे.

राजारामपुरी_अभ्यासिका:
दोघांचेही मनापासून आभार. त्रुटीच्या वेळी मी शून्यच लिहीत होतो, हे मान्य करावे लागेल. परंतु परीक्षेच्या वेळी होणारा अडथळा कसा टाळावा?

विद्यानगर_नेटवर्क:
बीकन साधारणतः दर 102.4 मिलिसेकंदांनी येतो. त्यामुळे केवळ ऐकून स्कॅन करताना प्रत्येक चॅनेलवर निदान तेवढा वेळ थांबावे लागते. तेरा चॅनेल फिरून येईपर्यंत सेकंदाहून अधिक काळ रेडिओ आपल्या मुलांना सोडून बाहेर असतो, आणि ‘एपी-फोर्स’ने आपण त्याला नेमकी हीच मोकळीक दिली आहे. म्हणून पूर्ण स्कॅन पहाटे अभ्यासिका रिकामी असताना एकदाच घ्यावा. दिवसा फारच गरज भासली तर 2412, 2437 आणि 2462 मेगाहर्ट्झ, म्हणजे चॅनेल 1, 6 आणि 11 इतकेच तपासावेत.

रात्रीच्या नोंदींसाठी ‘आयडब्ल्यू’चीच ‘सर्व्हे डंप’ ही आज्ञा वापरावी. ड्रायव्हर ही माहिती देत असेल, तर चालू चॅनेल किती मिलिसेकंद व्यग्र होते हे त्यातून चॅनेल न सोडता कळते. हे आकडे साचत जाणारे असतात, म्हणून दोन वाचनांमधील फरक काढून व्यग्र वेळेला एकूण वेळेने भागावे. शेजारी किती राउटर आहेत यापेक्षा ते किती बोलतात हे महत्त्वाचे, आणि ते या गुणोत्तरातूनच दिसते.

राजारामपुरी_अभ्यासिका:
चार दिवसांनी कळवतो. आता स्क्रिप्ट स्कॅन संपेपर्यंत थांबते आणि पहाटे पाच वाजता एकदाच पूर्ण यादी घेते. तळमजल्यावरचा आकडा तिन्ही पहाटे अडतीस ते एकेचाळीसच्या दरम्यान राहिला. मी ज्या चॅनेल 11 ला मोकळे समजत होतो, ते रात्री नऊनंतर निम्म्याहून अधिक वेळ व्यग्र असते, म्हणून तळमजला चॅनेल 1 वर नेला आहे. वरच्या मजल्याचा रेडिओ चॅनेल 36 वर आणल्यापासून -16 आलेली नाही.