त्वचेखालचा ग्लुकोज सेन्सर: एकेक तार वेगळा आकडा देतेय, सल्ला हवा

धागाकर्ता, पाषाण
नमस्कार मंडळी. आमचा छोटा गट त्वचेखाली बसवायचा ग्लुकोज सेन्सर बनवतोय. प्लॅटिनम-इरिडियमची तार, तिच्यावर ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम, वरून पॉलियुरेथेनचा पडदा. एखादी तार सुरेख चालते, पण एकाच दिवशी हाताने बुडवून काढलेल्या तारांची संवेदनशीलता आपसात जुळत नाही. पाऊस सुरू झाल्यापासून तर काही ताळमेळच राहिलेला नाही. एन्झाइमचा थर बदलावा की पडदा? आणि कोटिंग पुण्यात बाहेरून करून मिळेल का?

विद्युतरसायन
एन्झाइमला तूर्त हात लावू नका, दुखणं पडद्याचं आहे. शरीरातल्या ऊतींमध्ये ग्लुकोजच्या मानाने ऑक्सिजन फार कमी असतो आणि एन्झाइमला दोन्ही लागतात. म्हणून ग्लुकोज अडवायचं आणि ऑक्सिजन सोडायचा, हे पडद्याचं खरं काम. त्याची जाडी जरा इकडेतिकडे झाली की करंट बदललाच.

पावसाळ्याचं कारण सांगतो. पडद्याच्या द्रावणातला टीएचएफ हा द्रावक उडून जाताना तार थंड पडते, दमट हवेतलं पाणी तिच्यावर धरतं आणि पारदर्शक हवा तो पडदा दुधाळ होतो. सूक्ष्मदर्शकाखाली बघा, बारीक भोकं दिसतील. तिथून ग्लुकोज सुसाट आत शिरतं. कोरडा नायट्रोजन सोडलेल्या बंद पेटीत कोटिंग करा. तार मोटरने, एकाच वेगाने वर ओढा. बाटली उघडी राहिली की द्रावण घट्ट होत जातं आणि शेवटच्या तारांवर थर जाड बसतो, तेव्हा द्रावणाचा चिकटपणा कामाच्या आधी आणि नंतरही मोजा.

तपासणी साध्या हवेत करून थांबू नका. द्रावणात 5 टक्के ऑक्सिजनचं मिश्रण सोडून 400 मिग्रॅ/डेसीलिटरपर्यंत रेष सरळ राहते का बघा. ग्लुकोजचं द्रावण आदल्या रात्रीच करून ठेवा. ग्लुकोजची अल्फा आणि बीटा अशी दोन रूपं असतात; एन्झाइम फक्त बीटा रूप ओळखतं आणि ताज्या द्रावणात दोन रूपांचा समतोल झालेला नसतो. नव्या मुलांना हे कुणी सांगत नाही आणि कॅलिब्रेशन उगाच हलतं.

पिंपळे सौदागरची आई
माझ्या मुलीला टाइप 1 मधुमेह आहे. ती सेन्सरच्या कुशीवर झोपली की रात्री साखर कमी झाल्याचा अलार्म वाजतो, बोटातून रक्त काढून बघावं तर आकडा नीट. तापाची गोळी दिली की काही सेन्सर जास्त साखर दाखवतात असंही ऐकलंय. तुमच्या सेन्सरमध्ये यावर काही करता येईल का?

विद्युतरसायन
ताई, दाब पडला की तिथला रक्तपुरवठा कमी होतो, त्यामुळे खोटा आकडा येतो. दंडाची बाजू बदलून बघा, आणि शंका आली की बोटातूनच तपासा.

पॅरासिटामॉलचं मात्र धागाकर्त्यांनी मनावर घ्यावं. एन्झाइमच्या क्रियेतून तयार होणारं हायड्रोजन पेरॉक्साइड मोजायला प्लॅटिनमवर साधारण 0.6 ते 0.7 व्होल्ट देतो, तेवढ्यावर पॅरासिटामॉलचंही ऑक्सिडीकरण होतं. नॅफिऑन हा बहुलकाचा थर ऋणभारित असल्यामुळे क व्हिटॅमिन आणि युरिक अ‍ॅसिड थोपवतं. पॅरासिटामॉलवर भारच नाही, ते सरळ आत जातं. तिथे फिनिलीनडायअमिनचा विद्युत-बहुलकीकरणाने बसवलेला दाट थर लागतो. दुसरा मार्ग म्हणजे इलेक्ट्रॉन वाहून नेणारा ऑस्मियमचा मध्यस्थ वापरून व्होल्टेजच खाली आणणं.

भोसरीकर
कोटिंग बाहेर देऊ नका, अचूकता तिथेच ठरते. तार ओढायची जिग, म्हणजे तार धरून ठेवणारा साचा, हवी तर भोसरी एमआयडीसीत कुठलाही चांगला टूलरूमवाला करून देईल. परवाने आणि आयएसओ 13485 (वैद्यकीय उपकरणांचं गुणवत्ता मानक) साठी एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारातल्या व्हेंचर सेंटर या नवउद्योगांना मदत करणाऱ्या केंद्रात चौकशी करा, तुम्हाला चालत जाण्यासारखं आहे. निर्जंतुकीकरण आत्तापासूनच धरून चला. इथिलीन ऑक्साइडला ऊब आणि ओलावा लागतो, एन्झाइमला ते मानवत नाही. इलेक्ट्रॉन बीम चालतो, पण कॅलिब्रेशन त्याच्यानंतरचंच खरं माना.

धागाकर्ता, पाषाण
सर्वांचे मनापासून आभार. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं, जुलैच्या तारा खरंच दुधाळ आहेत. नायट्रोजनची पेटी आधी, जिग त्यानंतर. ताई, पॅरासिटामॉलची चाचणी आता प्रत्येक बॅचला करणार. भोसरीकर, जिगचं रेखाचित्र व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, नजर टाकाल का?