एम.एस्सी. (कृषी)च्या मुलांना परदेशातल्या विकासकामासाठी तयार करताना थिसिसमध्ये काय बसवावं?

बांधावरचा: कृषिविद्या आणि कृषी अर्थशास्त्राची मुलं आहेत. इक्रिसॅट, सिमिट अशा आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थांत किंवा आफ्रिकेतल्या प्रकल्पांत जायचंय. दोन वर्षांत, अभ्यासक्रम सांभाळून, काय करून घ्यावं? आयईएलटीएस सोडून सांगा.

कोरडवाहू: थिसिस विद्यापीठाच्या फार्मवरच संपतो, तिथेच अडतं. मदर-बेबी पद्धत वापरा. मलावीत 1990च्या दशकात ती रुजली. फार्मवर तीन-चार रिप्लिकेशनचा पूर्ण प्रयोग, म्हणजे प्रत्येक ट्रीटमेंट (तपासायचं वाण, खत किंवा पद्धत) तीन-चारदा लावलेली, ही मदर. त्यातल्या तीन-चार ट्रीटमेंट 15-20 शेतकऱ्यांच्या रानात एकेकदाच, त्या बेबी. प्रत्येक शेतकरी एक ब्लॉक, म्हणजे तुलनेचा एक गट, धरायचा आणि 'आर' या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये मिश्र मॉडेल (शेतकऱ्या-शेतकऱ्यांतला फरक वेगळा धरणारं विश्लेषण) लावायचं. घोळ दोन होतात. शेतकऱ्याची नेहमीची पद्धत ट्रीटमेंट म्हणून ठेवायचीच राहते, मग तुलना कशाशी करणार? दुसरं, डांबरी रस्त्यालगतचे, विहीरवाले शेतकरीच निवडले जातात.

सर्व्हेवाली: अर्थशास्त्राच्या मुलांना कोबोटूलबॉक्स या सर्व्हेच्या सॉफ्टवेअरवर स्वतः फॉर्म बांधू द्या. नेटवर्क नसलं तरी मोबाईलवर माहिती भरता येते. दहा घरांत चाचणी घेतल्याशिवाय गावात उतरू नका. "उत्पादन किती?" असं विचारलं की "बारा पोती" येतं. पोतं किती किलोचं, शेंगा की दाणे, ओलं की वाळलेलं, हे तीन उपप्रश्न हवेतच. क्षेत्र गुंठ्यात विचारा, हेक्टर नंतर काढा. कापणी प्रयोगात (रानातला ठरावीक तुकडा कापून उत्पादन मोजताना) ओलावा मोजला नाही तर आकडा फुगतो: 25 टक्के ओलाव्याचे 100 किलो दाणे 12 टक्क्यांवर आणले की जेमतेम 85 किलो भरतात.

नायजरपर्यंत: दोन गोष्टी राहिल्या. नायजर, सेनेगलकडे फ्रेंचशिवाय गावपातळीचं काम मिळणं कठीण. पहिल्या सत्रापासून सुरू करा. आणि डाड या जर्मन संस्थेची विकासविषयक पदव्युत्तर शिष्यवृत्ती डोळ्यांपुढे असेल, तर पदवीनंतर किमान दोन वर्षांचा संबंधित अनुभव लागतो, शिवाय शेवटची पदवी साधारण सहा वर्षांहून जुनी चालत नाही. एमपीएससीच्या तयारीत चार-पाच वर्षं गेली की दोन्ही अटी एकदम अंगावर येतात. हे मुलांना कोणी सांगतच नाही.

बांधावरचा: बेबी प्लॉटला बियाणं, खत, मजुरी सगळं आपण द्यायचं का?

कोरडवाहू: सर, बियाणं आणि चाचणीतलं खत द्या. मजुरी देऊ नका. खुरपणीला किती बायका, किती दिवस, हे शेतकऱ्याकडूनच त्याच आठवड्यात लिहून घ्या. हंगाम संपल्यावर विचारलेला आकडा अंदाजपंचे असतो.