ज्योत्स्ना भोळे यांच्यावर कार्यक्रम: पदं कोणती, साथ कशी?

बंदरवाट: वेंगुर्ल्याजवळच्या गावात, देवळासमोरच्या पटांगणात गायिका-अभिनेत्री ज्योत्स्नाबाईंवर ४५ मिनिटांचा कार्यक्रम बसवतोय. गाणारी मुलगी १९ वर्षांची, काळी चारमध्ये गाते (पेटीची चौथी काळी पट्टी हा तिचा ‘सा’). साथीला पेटी-तबला, शिवाय एक निवेदक. पदं कोणती घ्यावीत? आणि निवेदनात ‘मराठी रंगभूमीवरची पहिली स्त्री’ म्हटलं तर चालेल ना?

तिसरी_घंटा: ते वाक्य आधी काढा. हिराबाई बडोदेकरांची नूतन संगीत नाटक मंडळी १९२९ ची, तिच्यात स्त्रिया कामं करत होत्याच. ज्योत्स्नाबाईंचं मोठेपण त्या बिरुदावर अवलंबून नाही.

सुरुवात गोव्यातल्या बांदिवड्यापासून करा. १९१४ चा जन्म, माहेरच्या दुर्गा केळेकर, गाण्यासाठी मुंबई, १९३२ साली संगीतकार केशवराव भोळ्यांशी लग्न. हे पाच मिनिटांत आटपा. मग थेट १९३३, नाट्यमन्वंतर या नाटक कंपनीचं ‘आंधळ्यांची शाळा’, बाईंची भूमिका बिंबाची. इथे थांबा, घाई नको. मूळ नॉर्वेजियन नाटक, रूपांतर श्री. वि. वर्तकांचं, संगीत केशवरावांचं. रंगवलेल्या पडद्यांऐवजी खरं वाटेल असं घर उभं केलेलं. अशा घरात पात्रानं प्रेक्षकांकडे तोंड करून पाऊण तास गायचं म्हणजे नाटकच मोडलं. म्हणून पदं मोजकी आणि आटोपशीर. इथे ‘एकलेपणाची आग’ घ्या.

उरलेला वेळ ‘कुलवधू’ला. १९४२, कंपनी नाट्यनिकेतन, नाटक मो. ग. रांगणेकरांचं, चाली मास्टर कृष्णरावांच्या, बाई भानुमती. ‘मनरमणा मधुसूदना’, ‘क्षण आला भाग्याचा’ आणि शेवटी ‘बोला अमृत बोला’. यात चूक नेमकी होते ती ‘बोला’वर. मुली ‘ला’ धरून तान घेतात. ती समोरच्याला केलेली विनवणी आहे. तान आली की समोरचा माणूस नाहीसा होतो आणि बैठक सुरू होते. आधी पद चालीशिवाय चार वेळा नुसतं बोलायला लावा, मगच पेटी उघडा.

सुरपेटी: काळी चारला तबला पंचमात (त्या ‘सा’च्या ‘प’मध्ये), म्हणजे काळी दोनला लावा. निवेदकही एखादं पद पुरुषी पट्टीत गाणार असेल, तर काळी एकचा दुसरा तबला लावून बाजूला ठेवा. पदापदाला हातोडी चालली की रंग उतरतो.

खाऱ्या हवेचं सांभाळा. उघड्यावर दव पडलं की तबल्याची शाई (मधला काळा गोल) आणि चाट (कडेची पट्टी) ओल धरते आणि सूर खाली येतो. तबला अर्धा तास आधी गवसणीतून काढून रंगमंचावर ठेवा, तिथली हवा लागू द्या, मग मिळवा. घरून मिळवून आणलेला तिथे उतरणारच. दोन पदांच्या मध्ये जाड फडकं टाकायचं. पेटीच्या पट्ट्या दमटपणानं फुगून अडकतात. आदल्या दिवशी प्रत्येक पट्टी दाबून सोडून बघा. अडकलेली पट्टी कार्यक्रमात वर येत नाही आणि तो सूर भोंगा लागल्यासारखा चालू राहतो.

बंदरवाट: पहिली स्त्री काढलं. माइक उभा की कॉलरचा?

तिसरी_घंटा: उभा, तोंडापासून वीतभर, किंचित बाजूला. कॉलरच्या माइकमध्ये समुद्राचा वारा शिरतो, शिवाय पदर घासला की खरखर. वारा फार असेल तर माइकवर स्पंजची टोपी हवीच. निवेदकाला वेगळा माइक द्या, म्हणजे पद संपल्यावर मुलीला जागचं हलावं लागणार नाही.