तेल तापलं की धुराचा अलार्म! मदत हवी आहे

मंडळी, आम्ही नवरा-बायको परदेशात भाड्याच्या घरात राहतो. स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली एकच, आणि छतावरचा स्मोक अलार्म गॅसपासून जेमतेम दोन मीटरवर. तेल जरा तापलं की तो किंचाळायला लागतो. मग एक जण कढई उतरवतो, दुसरा खुर्चीवर चढून टॉवेल हलवतो. शेजारी तान्हं बाळ आहे, त्याची झोपमोड होते याचं फार वाईट वाटतं.

चिमणीची हवा बाहेर जात नाही. कोळशाच्या फिल्टरमधून फिरून ती परत खोलीतच येते. यातून एक छान शोध मात्र लागला: तेल चोळून भाज्या ओव्हनमध्ये भाजल्या की धूर कमी आणि चव कितीतरी खुलते! रिफाइंड तेलही उशिरा धुरावतं. पण रोज सगळंच कसं भाजणार?

अलार्म काढणं किंवा झाकणं आम्हाला मुळीच नको, जिवाशी खेळ आहे तो. आयोनायझेशन (हवेतल्या विद्युतभारित कणांवरून धूर ओळखणाऱ्या) प्रकाराऐवजी फोटोइलेक्ट्रिक (प्रकाशाच्या किरणाने धूर ओळखणारा) अलार्म बसवून कुणाला फरक पडला का? की स्वयंपाकघरात फक्त उष्णता ओळखणारा अलार्मच बरा? घरमालकाकडे हे कसं मागितलंत, तेही सांगा.