नॅनोकणाला पत्ता ठाऊक नसतो

काहींना वाटतं की कॅन्सरवरचं नॅनो-औषध, म्हणजे अतिसूक्ष्म कणांत भरलेलं औषध, थेट गाठीवर जाऊन पोचतं, निरोगी पेशींना धक्काही लागत नाही. इतकं सरळ नाही हो ते. कण रक्तासोबत सगळीकडेच फिरतो. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईत, कशाही वाढलेल्या असतात. त्यांच्या सैल भिंतीतून शंभरेक नॅनोमीटरचा कण बाहेर झिरपतो आणि तिथे अडकून राहतो, ही मूळ कल्पना. पण प्राण्यांवरच्या दहा वर्षांच्या प्रयोगांचा आढावा २०१६ मध्ये आला, त्यात गाठीपर्यंत पोचलेल्या डोसचा मध्यक (मधलं मूल्य) निघाला फक्त ०.७ टक्के! उरलेल्यातलं बरंचसं यकृत आणि प्लीहा गिळतात.

मग फायदा कसला? डॉक्सिल या औषधाचं उदाहरण बघा, अमेरिकेत १९९५ साली मंजूर झालेलं. डॉक्सोरुबिसिन हे कॅन्सरवरचं जुनंच औषध, मेदाच्या सूक्ष्म पिशवीत भरलेलं. हृदयातल्या वाहिन्या घट्ट विणीच्या, कण तिथे सहजी झिरपत नाही, त्यामुळे या औषधाने हृदयाला होणारी इजा कमी झाली. खरी कमाई ती. (तळहात-तळपायांची कातडी सोलवटण्याचा त्रास मात्र वाढला, हेही सांगायला हवं.)

गंमत म्हणजे यकृताची हीच खोड २०१८ मध्ये मंजूर झालेल्या पॅटिसिरान या औषधाने कामाला लावली. ज्या आनुवंशिक आजारावर ते देतात, त्यात नसा खराब करणारं सदोष प्रथिन मुख्यतः यकृतातच बनतं, आणि औषध भरलेले मेदकण आपसूक तिकडेच जाऊन ते बनणं रोखतात. यकृताच्या एमआरआयमध्येही तेच: लोह ऑक्साइडचे कण निरोगी यकृत गिळतं आणि काळं दिसतं, गाठ गिळत नाही, म्हणून उजळ उठून दिसते.